नव्या सायकलीच्या डिस्क ब्रेकची कैफियत

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाच्याने मोठ्या हौसेने माउंटन बाइक घेतली, आणि तिसऱ्याच दिवशी राऊहून महूच्या बाजूला सकाळची फेरी करून परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याने ब्रेक दाबला, तेव्हा असा कर्कश चीत्कार उमटला की ओट्यावर बसलेली माणसे दचकून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत त्याने कॅलिपरचे स्क्रू दोनदा सैल करून दोनदा आवळले होते, ब्रेकची वायर ताणून पाहिली होती, पुन्हा ढिली केली होती. आणि शेवटी कोणीतरी सुचवले म्हणून, तेलाची कुपी हातात घेऊन, डिस्क आणि पॅड यांच्या फटीत दोन थेंब सोडण्याच्या तयारीत तो बसला असताना मी त्याचा हात धरला. शिवणयंत्राला, दाराच्या बिजागरीला, सायकलच्या साखळीला जे तेल संजीवन ठरते, तेच डिस्क ब्रेकला विषासमान आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. आणि ती न सांगितली गेल्यामुळे कितीतरी नव्या सायकलींचे ब्रेक पहिल्याच महिन्यात कायमचे बिघडतात, असा माझा अनुभव असल्याने हा लेख लिहावयास घेतला आहे. माझे म्हणणे एवढेच की, नव्या डिस्क ब्रेकच्या तक्रारींपैकी फार थोड्या ब्रेकच्या मूळ घडणीतल्या असतात. बाकीच्या जोडणीतल्या, अस्वच्छतेतल्या किंवा मालकाच्या उतावळेपणातल्या असून घरच्या अंगणात त्यांचा बंदोबस्त होऊ शकतो.

ज्यांचे हात दांडीच्या ब्रेकवर आणि रबराच्या गुटक्यांवर घडले, त्यांच्यासाठी या रचनेविषयी दोन शब्द. जुन्या सायकलीत गुटका चाकाच्या रिमला घासे, आणि रिम किंचित वाकडी असली तरी निभावून जाई. येथे रिमला कोणी स्पर्श करीत नाही. चाकाच्या मध्याशी, हबवर, पोलादाची एक पातळ चकती बसवलेली असते, आणि चिमट्याला किंवा मागच्या त्रिकोणाला जोडलेल्या कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. ही कल्पना तशी नवी नव्हे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट 1902 सालीच घेतले होते, सायकलीपर्यंत मात्र ती पुष्कळ उशिरा पोचली. सायकलीची नवी डिस्क सामान्यतः 1.8 मिलिमीटर जाडीची असते, ती झिजून 1.5 मिलिमीटरवर आली की बदलावयाची असते, आणि तिच्या प्रत्येक बाजूला पॅडपर्यंत जी मोकळी जागा राहते ती पोस्टकार्डाच्या जाडीहून फारशी अधिक नसते. एवढ्याशा जागेत सारा कारभार चालत असल्याने, खोक्यातून आलेल्या सायकलीला वाटेत बसलेला एखादा धक्काही कानाला ऐकू येतो. आवाज आला म्हणजे ब्रेक बिघडला, असे समजण्याचे कारण नाही; पण आवाज काय म्हणतो आहे हे समजून घेतल्याशिवाय पान्ह्याला हात लावू नये.

म्हणून प्रथम कैफियत पूर्ण ऐकून घ्यावी. पुढच्या चाकातून आवाज येतो की मागच्या? ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबताही येतो? न दाबता येत असेल तर तो अखंड घासल्याचा आहे, की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच ‘श्रिंग’ असा उमटून थांबतो? लिव्हर दाबताना हाताला कठीण लागते, की ओल्या स्पंजासारखी दबत जाऊन मुठीला टेकते? आणि ब्रेक लागतो कसा: सायकल थांबते, की नुसती ओरडते आणि पुढे सरकत राहते? या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून ठेवावीत आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहावे. एकाच बैठकीत चार स्क्रू फिरवले तर कोणत्या स्क्रूने गुण आला आणि कोणत्याने अवगुण, याची रुजवात घालणे अशक्य होते. माझ्या भाच्याची सारी दुपार फुकट गेली ती यामुळेच.

तपासणीचा आरंभ ब्रेकपासून नव्हे, चाकापासून करावा. चाक आपल्या खाचेत सरळ बसलेले नसेल तर डिस्कही तिरपी फिरणार, आणि मग कॅलिपर कितीही हलवले तरी उपयोग नाही. सायकल जमिनीवर नीट उभी करून, तिचा भार चाकांवर येऊ देऊन, क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळून धरणारी दांडी, उघडावी, एक्सल खाचेत पूर्ण वर गेल्याची खात्री करावी आणि दांडी पुन्हा मिटावी. मिटताना ती अर्ध्यावर आल्यापासून हाताला जोर लागला पाहिजे आणि पूर्ण मिटल्यावर तळव्यावर तिची खूण क्षणभर उमटली पाहिजे. या बाबतीत हयगय करू नये. डिस्क ब्रेकच्या जोराने पुढचे चाक खाचेतून बाहेर ओढले जाण्याची प्रवृत्ती असते, आणि 2015 साली ट्रेक या अमेरिकन कंपनीने एकट्या अमेरिकेतल्या सुमारे 9 लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या त्याचे कारण असे की, क्विक रिलीजची दांडी प्रमाणाबाहेर उघडी पडली तर ती पुढच्या डिस्कमध्ये अडकून चाक जागच्या जागी थांबण्याचा धोका होता. दांडी मिटल्यावर ती डिस्कपासून दूर आहे, हे रोज डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्यानंतर चाकाचा वरचा भाग धरून ते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खटखट जाणवली तर हबचे कोन सैल आहेत, आणि त्या सैलपणासह ब्रेक जुळवणे म्हणजे डगमगत्या पाटावर तराजू मांडणे होय. ब्रेक लावताना समोरून ठोका बसल्यासारखा आवाज येत असेल, तर पुढचा ब्रेक दाबून धरून सायकल पुढे-मागे ढकलावी. हँडलखालच्या वाटीत बोटाला हालचाल जाणवली तर दोष तेथला आहे. शेवटी डिस्क हबला धरून ठेवणारे स्क्रू (बहुतेक सायकलींत ते 6 असतात आणि त्यांना तारकाकृती तोंडाची टी-25 चावी लागते) सर्व घट्ट आहेत ना, हे पाहून घ्यावे.

येथे एक ताकीद देणे माझे कर्तव्य आहे. फिरत्या चाकाच्या डिस्कजवळ बोट नेऊ नये. डिस्कची जाळी बोटाचे पेर क्षणात कापू शकते, आणि घरात लहान मूल असेल तर चाक फिरवून आवाज ऐकण्याच्या या खेळाकडे ते हमखास ओढले जाते. उतारावरून आलेली डिस्क हाताला चटका देण्याइतकी तापलेली असते, हेही ध्यानात असावे.

आता घासण्याच्या आवाजाकडे वळू. आवाज अखंड असेल तर कॅलिपर एका बाजूला सरकलेले आहे, असे धरून चालावे. कॅलिपरच्या मागे, जमिनीच्या दिशेला, कोरा पांढरा कागद धरून वरून फटीत डोकावले की डिस्कच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन बारीक रेघा दिसतात. ज्या बाजूची रेघ दिसत नाही त्या बाजूचा पॅड घासतो आहे. आमच्या ओट्यावर, संध्याकाळच्या उजेडात, गुडघ्यावर बसून मी भाच्याला त्या रेघा दाखवल्या तेव्हा डावीकडची रेघ दोऱ्यासारखी स्वच्छ होती आणि उजवीकडे नुसता काळोख होता. कॅलिपर धरून ठेवणारे दोन स्क्रू, बहुधा 5 मिलिमीटरच्या ॲलन चावीचे, अर्धा-पाऊण फेरा सैल करावेत, इतकेच की कॅलिपर हाताने हलेल. मग लिव्हर घट्ट दाबून धरावी, म्हणजे पॅड डिस्कला मिठी मारतात आणि कॅलिपर आपोआप मध्यावर येते. आणि लिव्हर दाबलेलीच ठेवून दोन्ही स्क्रू आळीपाळीने, एकेक पाव फेरा देत, आवळत जावेत. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर कॅलिपर त्याच्याबरोबर फिरते आणि केलेले काम वाया जाते. टॉर्क रेंच असेल तर या स्क्रूंना सामान्यतः 6 ते 8 न्यूटन मीटर पुरतात. आपल्या सायकलीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. एवढ्याने न जमल्यास कागदावरच्या रेघांकडे पाहत कॅलिपर बोटाने केसभर सरकवून पुन्हा आवळावे. या कामाला घाई चालत नाही.

वर सांगितलेली रीत द्रवचलित ब्रेकला सहज लागू पडते. आपल्याकडे मध्यम किमतीच्या बहुतेक माउंटन बाइकना मात्र वायरीने चालणारे यांत्रिक डिस्क ब्रेक असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची खुबी अशी की, बाहेरच्या बाजूचा एकच पॅड हलतो, तो डिस्कला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत येणारी वस्तू उघड्या पोलादी वायरीत संपत असेल तर ब्रेक यांत्रिक समजावा. काळी नळी थेट कॅलिपरच्या पोटात शिरत असेल तर द्रवचलित. यांत्रिक प्रकारात आतल्या पॅडच्या मागे, चाकाच्या आऱ्यांच्या बाजूने, ॲलन चावीचा एक स्क्रू असतो. तो फिरवून स्थिर पॅड डिस्कला जेमतेम न लागेल इतका जवळ आणावा. हा पॅड दूर राहिला तर डिस्क फार वाकते, लिव्हर मुठीपर्यंत येते आणि ब्रेक निर्जीव वाटतो. आणि पॅड झिजत जातो तसतशी ही जुळवणी अधूनमधून पुन्हा करावी लागते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

आवाज प्रत्येक फेऱ्यात एकदाच येत असेल, तर डिस्क एका ठिकाणी वाकली आहे. खोक्यात दुसऱ्या वस्तूचा भार पडून, किंवा मोटारीत सायकल आडवी ठेवल्याने असे होते. चाक सावकाश फिरवत, कागदावरची रेघ जेथे बुजते तेथे डिस्कच्या कडेला पेन्सिलीने खूण करावी, आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळलेल्या लहान पान्ह्याने ती जागा विरुद्ध दिशेला अगदी हलका दाब देऊन वळवावी, पुन्हा फिरवून पाहावे, पुन्हा वळवावी. एका दाबात सरळ करण्याचा मोह झाला की दोन ठिकाणी वाकलेली डिस्क पदरी येते. आणि डिस्क तापलेली असताना हे मुळीच करू नये. लांब उतारानंतर ती तात्पुरती प्रसरण पावून घासते आणि निवल्यावर आपोआप पूर्ववत होते.

भाच्याच्या सायकलीचा खरा रोग मात्र याहून वेगळा होता. घासणे कागदाने सुटले, चीत्कार कायम राहिला. शिवाय ब्रेक लागत होता तोही अर्धवट. चौकशी करता कळले की, दुकानातून सायकल देताना ती चकचकीत दिसावी म्हणून तिच्यावर, चाकांसकट, पॉलिशचा फवारा मारण्यात आला होता. साखळीवर मारलेले तेल, टायर काळे करण्याचे द्रव, किंवा नुसत्या बोटांचा चिकटपणा, यांपैकी काहीही डिस्कवर गेले की पॅड ते शोषून घेतो; मग घर्षण कमी होते, आणि डिस्क घट्ट धरली जाण्याऐवजी सतारीच्या तारेसारखी थरथरू लागते. तोच तो चीत्कार. याला उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल; ते मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात असतेच आणि थोडेसे मागून मिळते. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये, कारण ते मागे तेलकट थर ठेवतात. हात निर्जंतुक करण्याचे द्रवही नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असते. धुतलेल्या, कोरड्या सुती फडक्यावर अल्कोहोल घेऊन डिस्कच्या दोन्ही बाजू पुसाव्यात, फडक्यावर काळे उमटेनासे होईपर्यंत दर वेळी नवा भाग वापरावा. मग चाक काढून, पॅड अडकवणारी पिन किंवा स्क्रू सोडवून पॅड बाहेर घ्यावेत. त्यांच्या पृष्ठभागावर काचेसारखी चमक आली असेल तर सपाट फरशीवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर ते गोलाकार फिरवावेत, नाकाला रुमाल बांधावा, आणि भुकटी फुंकरीने न उडवता अल्कोहोलच्या फडक्याने टिपून घ्यावी. गॅसच्या ज्योतीवर पॅड भाजून तेल जाळण्याची तोड कित्येकजण सांगतात. तिने पॅडचा लेप पाठीच्या पत्र्यापासून सुटण्याचा धोका असल्याने मी ती कोणालाही सुचवणार नाही. घासूनही आवाज आणि अशक्तपणा राहिला तर पॅड आतपर्यंत भिजले आहेत असे समजून नवी जोडी घ्यावी. घेताना जुनी जोडी बरोबर न्यावी, कारण आकार अनेक आहेत. आणि डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असे कोरलेले असेल तर धातूमिश्रित पॅड घेऊ नयेत.

पॅड नवे असोत की घासून स्वच्छ केलेले, त्यांना डिस्कशी ओळख करून द्यावी लागते, आणि नव्या सायकलीचा ब्रेक लागत नाही या फिर्यादींपैकी निम्म्याअधिक फिर्यादी या एका संस्काराच्या अभावी होतात, असे मला वाटते. महामार्गावर नव्हे, वसाहतीतल्या एखाद्या रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी सुमारे 20 किलोमीटर वेग घ्यावा आणि एकच ब्रेक एकसारखा दाबत वेग चालण्याइतका खाली आणावा, परंतु चाक अडकू देऊ नये आणि पूर्ण थांबू नये. असे वीस वेळा करून मग थोड्या अधिक वेगाने आणखी दहा वेळा. नंतर दुसरा ब्रेक. या क्रियेत पॅडच्या द्रव्याचा एक सूक्ष्म, सारखा थर डिस्कवर चढतो, आणि ब्रेकचे खरे बळ त्या थरामुळे येते. पहिल्या पाचसहा वेळा काहीच फरक जाणवत नाही; पंधराव्याच्या सुमारास लिव्हरखाली एकाएकी पकड येते, ती बोटांना स्पष्ट कळते.

लिव्हरची तक्रार प्रकारानुसार निराळी असते. यांत्रिक ब्रेकमध्ये नवी वायर आणि तिचे आवरण पहिल्या काही दिवसांत आपापल्या जागी बसतात आणि लिव्हर सैल पडते. लिव्हरजवळचा लहानसा पिळाचा नट एकदोन फेरे बाहेर फिरवला की पुरे. फार फेरे लागत असतील तर तो पुन्हा आत घालून वायर कॅलिपरपाशीच ओढून बांधावी. द्रवचलित ब्रेकमध्ये लिव्हर मऊ लागली तर नळीत हवा शिरली आहे. सायकल उलटी करून पंक्चर काढण्याची आपली जुनी चाल येथे बाधते, कारण लिव्हरजवळच्या टाकीतली हवा तेवढ्यात नळीत उतरू शकते. सायकल रात्रभर सरळ उभी ठेवून, लिव्हर दाबलेल्या अवस्थेत रबराने बांधून ठेवल्यास पुष्कळदा सकाळी ती ताळ्यावर येते. न आल्यास ब्लीड करणे, म्हणजे नळीतली हवा काढून टाकणे, भाग आहे, आणि ते प्रथम जाणत्याच्या हातून करवून घ्यावे. कोणते द्रव लागते याचा दाखला लिव्हरवर किंवा पुस्तिकेत असतो: शिमानो, टेक्ट्रो आणि मागुरा यांना खनिज तेल, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट द्रव, एकाच्या जागी दुसरे घातले तर आतील रबरी कड्या फुगून सारा ब्रेक निकामी होतो. आणखी एक गफलत अशी की, चाक काढलेले असताना कोणी लिव्हर दाबतो आणि दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात. चाक बाहेर असेपर्यंत पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवावी. पॅड मिटलेच तर टायर काढण्याच्या प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू दूर करावेत, पेचकसाने नव्हे.

राऊच्या रहिवाशाला हे सर्व जाणून घेण्याचे विशेष कारण आहे. आमचे गाव माळव्याच्या पठारावर वसलेले. पीथमपूरपर्यंत किंवा पातालपाणीपर्यंत जाताना ब्रेकची खरी परीक्षा अशी होतच नाही. पण महूच्या पुढे विंध्याच्या कडेला अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या जाम गेटपाशी पठार संपते, खाली निमाड पसरलेले दिसते आणि रस्ता वळणे घेत मंडलेश्वराकडे उतरू लागतो. सिमरोलच्या पुढे खंडव्याच्या रस्त्यावर तोच प्रकार. आणि धामनोदजवळच्या गणपती घाटात ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांच्या हकिगती या भागात कोणाला ठाऊक नाहीत? स्वार आणि सायकल मिळून 90 किलो वजन 100 मीटर खाली उतरताना जी ऊर्जा ब्रेकला पचवावी लागते, ती पाव लिटर पाणी उकळीला आणण्यास पुरेशी आहे, आणि ती शोषणाऱ्या डिस्कचे वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. पावसाळ्यात भर म्हणून काळ्या मातीचा चिखल फटीत बसतो आणि पॅड सपाट्याने झिजवतो. अशा फेरीनंतर बादलीभर पाण्याने आणि मऊ ब्रशाने डिस्क धुवावी, गाड्या धुण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नये, आणि पॅडचा लेप अर्धा मिलिमीटर उरला की पुढच्या फेरीपूर्वी तो बदलावा. ओल्या ब्रेकचा क्षणभराचा आवाज मात्र रोग नव्हे. दोनतीन दाबांत तो थांबतो.

जाम गेटच्या कमानीपाशी पोचलात की उतरण्यापूर्वी थांबावे. दोन्ही लिव्हर दहा सेकंद घट्ट दाबून धराव्यात; त्या हळूहळू मुठीकडे सरकत असतील तर तो उतार त्या दिवशी रद्द करून आल्या वाटेने परतावे. आपल्या देशात उजवी लिव्हर पुढच्या चाकाची असण्याचा रिवाज आहे, काही परदेशी सायकलींत ती मागच्या चाकाची असते, तेव्हा कोणता हात कशाला लागतो हे सपाटीवरच हाताला पटवून ठेवावे. उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग उतरवावा, मग पूर्ण सोडून डिस्कला वारा लागू द्यावा. मध्येच जळल्याचा वास आला, किंवा लिव्हर दाबूनही सायकल पूर्वीसारखी आवरेनाशी वाटली, तर रस्त्याच्या कडेला थांबावे. तापलेल्या डिस्कवर बाटलीतले पाणी ओतू नये, त्याने डिस्क वाकते. सावलीत सायकल उभी करून ते पाणी आपण प्यावे. डिस्क निवण्यास दहाएक मिनिटे पुरतात.